फ्लूचे औषध अजून लागू पडते का?
(प्रतिनिधी)

नागापूर (अहिल्यानगर) : औद्योगिक वसाहतीतील एखादा कामगार तापाने फणफणतो. लक्षणे गंभीर असल्यास डॉक्टर त्याला ऑसेल्टामिविर, म्हणजेच 'टॅमिफ्लू' या नावाने परिचित असलेले औषध लिहून देतात. हे औषध यंदाच्या विषाणूवर चालेल, हे केवळ रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी जगभर अखंड देखरेख ठेवावी लागते आणि तिचा एक महत्त्वाचा दुवा पुण्यात आहे.

विषाणू दाद का देत नाही?
फ्लूचा विषाणू पेशीबाहेर पडण्यासाठी 'न्यूरामिनिडेज' हे विकर वापरतो. ऑसेल्टामिविर तेच रोखून धरते. परंतु विषाणूत सतत बदल घडत असतात. या विकरातील २७५ क्रमांकाच्या जागी हिस्टिडिनऐवजी टायरोसिन आले, की एच१एन१ विषाणूवर औषधाची पकड बसत नाही.

२००८ चा धडा
२००८ च्या आरंभी नॉर्वेत असे विषाणू मोठ्या प्रमाणावर आढळले. तेथे हे औषध फारसे वापरलेच जात नव्हते! तरीही २००८-०९ च्या हंगामापर्यंत जगभरातील हंगामी एच१एन१ विषाणू जवळपास सर्वत्र औषधाला दाद देईनासा झाला. औषधाचा वापर आवरला म्हणजे धोका टळला, असे म्हणता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली. ऑगस्टमध्ये देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला. हा नवा विषाणू अमँटाडिन या जुन्या औषधाला जुमानत नव्हता. ऑसेल्टामिविर मात्र त्यावर लागू पडत होते. तसे नसते, तर शासनाने साठवलेल्या गोळ्यांचा फारसा उपयोग झाला नसता.

देखरेख कशी चालते?
जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ मध्ये फ्लूवर लक्ष ठेवणारे जाळे उभारले. त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेली, आज राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही) म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा या जाळ्यातील राष्ट्रीय केंद्र आहे. रुग्णांच्या घशातील व नाकातील द्रावाचे नमुने तपासून विषाणूची जनुकीय रचना पाहिली जाते. विषाणू रोखण्यासाठी औषधाची किती मात्रा लागते, हेही मोजले जाते. नेहमीपेक्षा शंभरपटीहून अधिक मात्रा लागल्यास 'ए' प्रकारच्या विषाणूवर औषधाचा परिणाम अत्यंत घटल्याचे मानतात.

अलीकडच्या जागतिक अहवालांत ऑसेल्टामिविरला कमी दाद देणाऱ्या विषाणूंचे प्रमाण अत्यल्प आहे. तथापि, २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल परिसरात असे विषाणू माणसांमाणसांत पसरले होते. जपानने २०१८ मध्ये मान्यता दिलेल्या बॅलोक्साविर या नव्या औषधाला दाद न देणारे विषाणूही लगेचच्या हंगामात तेथे सापडले.

रुग्णांनी काय करावे?
औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू केल्यास लाभ अधिक होतो. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नयेत. उरलेल्या गोळ्या घरातील दुसऱ्या आजाऱ्याला देऊ नयेत. प्रतिजैविके फ्लूच्या विषाणूवर चालत नाहीत. आणि डॉक्टरांनी नमुना मागितल्यास तो अवश्य द्यावा. औषध निकामी होऊ लागल्याची पहिली खूण अशाच एखाद्या नमुन्यात सापडू शकते.