मुंबईची ‘एशिया’ आणि नवारिनोची लढाई

८४ तोफांची ‘एशिया’ ही युद्धनौका १८२४ साली मुंबईच्या गोदीतून समुद्रात उतरली. ती वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधली होती. ही विद्या त्यांच्याकडे बापाकडून मुलाकडे येत असे. लाकूड असे कसदार, की नौका मोडीत निघाली ती १९०८ साली!

२० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसच्या नवारिनो उपसागरात ती ब्रिटिश अ‍ॅडमिरल कॉड्रिंग्टन यांची ध्वजनौका होती. समोर तुर्कस्तान व इजिप्तचे आरमार नांगर टाकून उभे होते. जहाजे संख्येने पुष्कळ, पण मोठ्या युद्धनौका तीनच. ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांच्याकडे मिळून दहा. काही तासांत ते आरमार उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे गेली. उरलेली कित्येक जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनी स्वतःच पेटवली. दोस्तांचे एकही जहाज बुडाले नाही.

इजिप्तचे मुहम्मद अली पाशा यांनी पुष्कळशी जहाजे मार्सेय, लिव्होर्नो अशा परक्या बंदरांतून बांधून घेतली होती. पैसा होता, घरचे कारागीर नव्हते. खरी उणीव ही. पराभवानंतर त्यांनी सेरिझी या फ्रेंच अभियंत्यास बोलावले. १८२९ साली अलेक्झांड्रियात गोदीचे काम सुरू झाले, मिसरी कामकरी जहाजबांधणी शिकू लागले आणि जानेवारी १८३१ मध्ये तेथून शंभर तोफांचे पहिले जहाज पाण्यात लोटले गेले.