चार मोहऱ्यांचा निकाल

लंडन येथें १८७५ सालीं रिचर्ड फेंटन व विल्यम पॉटर यांनीं बुद्धिबळाचा एक डाव बरोबरी मान्य करून सोडून दिला. पटावर अवघीं चार मोहरीं उरलीं होतीं. पांढऱ्याकडे राजा व एक प्यादें, काळ्याकडे राजा व एक हत्ती. मोकळ्या हत्तीपुढें एकट्या प्याद्याचा काय पाड, असें दोघांसही वाटलें असावें. परंतु त्याच वर्षीं झुकरटोर्ट या नामांकित खेळाडूनें लंडनच्या एका बुद्धिबळ-मासिकांत दाखवून दिलें कीं, हा डाव पांढऱ्यानें जिंकावयास हवा होता. मौज अशी कीं, जिंकण्याची ती रीत क्लिंग व हॉरविट्झ यांनीं १८५३ सालींच छापून ठेविली होती!

पुढें १८९५ च्या मार्चमध्यें पॉटर वारला. ग्लासगोच्या ‘वीकली सिटिझन’ पत्रांत बुद्धिबळाचें सदर चालविणाऱ्या बार्बिये यांनीं त्यानिमित्त ती जुनी स्थिति आठवून छापली, आणि मग त्यांना एक विलक्षण कल्पना सुचली. काळा राजा कोपऱ्यांत ठेविला, तर त्याचा हरलेला डाव वांचतो!

वाचकानें पट जवळ घ्यावा. पांढऱ्याच्या डाव्या हातच्या हत्ती, घोडा, उंट व वजीर या चार ओळींतच सारें घडतें. घरें पांढऱ्याकडून मोजूं. हत्तीच्या पहिल्या घरांत काळा राजा, वजिराच्या पांचव्यांत काळा हत्ती, घोड्याच्या सहाव्यांत पांढरा राजा, उंटाच्या सहाव्यांत त्याचें प्यादें. खेळी पांढऱ्याची. प्यादें सातव्या घरांत जातें व हत्ती सहाव्यांत येऊन शह देतो. राजानें उंटाच्या ओळींत शिरूं नये. शिरला तर हत्ती तळाशीं जाईल आणि प्याद्याचा वजीर होतांच राजाला मागून शह देऊन तो वजीर गिळील. म्हणून राजा घोड्याच्या ओळीनें एकेक घर खालीं उतरतो, आणि हत्तीही त्याच्यासमोर उतरत शह देत राहतो. तिसऱ्या घरांत शह मिळाला कीं राजा उंटाच्या दुसऱ्या घरांत येतो. आतां हत्तीला तळ गांठतां येत नाहीं; तें घर राजाच्या माऱ्यांत आहे.

येथवर झुकरटोर्टचेंच म्हणणें. पण आतां काळा हत्ती आपल्याच ओळीच्या चौथ्या घरांत जाऊन दबा धरतो. प्याद्याचा वजीर झाला कीं तो उंटाच्या ओळींत सरकून शह देतो. वजिरानें त्यास मारलें नाहीं तर वजीर जातो. मारलें तर कोपऱ्यांतल्या राजाला शहही नाहीं आणि हालावयास घरही नाहीं. डाव बरोबरीत! बार्बिये यांनीं हा निर्णय छापून टाकला.

ग्लासगोंत त्या वेळीं फर्नांदो सावेद्रा नांवाचे एक स्पॅनिश धर्मोपदेशक राहत असत. प्याद्याचा वजीरच कां करावा, हत्ती कां करूं नये, एवढाच त्यांचा प्रश्न. हत्ती केला तर वरील शहानंतर काळ्या राजास एक घर मोकळें राहतें, म्हणून कोंडी होत नाहीं. शिवाय हत्तीच्या ओळींत मात होण्याची धास्ती आहेच. ती टाळण्यास काळा हत्ती त्या ओळीच्या चौथ्या घरांत धांवतो. दुसरा उपाय नाहीं. तोंच पांढरा राजा घोड्याच्या तिसऱ्या घरांत पाऊल टाकतो. आतां काळा हत्ती माऱ्यांत, आणि तळाच्या ओळींत मात टपलेली. एक संकट टाळावें तर दुसरें कोसळतें. बार्बिये यांनीं मेमध्येंच ही दुरुस्ती सावेद्रांच्या नांवानिशीं मोकळ्या मनानें प्रसिद्ध केली.

आपल्या जुन्या देशी खेळांत ही मौज घडलीच नसती. तेथें प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरीं पोंचे तेंच मोहरें होई. हें प्यादें उंट झालें असतें, आणि एकट्या उंटाला मात करितां येत नाहीं. यूरोपीय नियमानें निवड दिली. पण वजीर मिळत असतां दुसरें कांहीं मागण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नसे.

ही स्थिति आज सावेद्रांच्याच नांवानें ओळखली जाते. सांपळा रचला बार्बिये यांनीं, त्याचा पाया झुकरटोर्टचा, आणि कीर्ति मात्र एका खेळीच्या धन्याला! मला हा अन्याय वाटत नाहीं. कारण ती खेळी नसती, तर ही बरोबरी कोणी लक्षांत ठेविली असती? सावेद्रा १९२२ सालीं डब्लिन येथें वारले.

फेंटनला मात्र हत्तीची गरज नव्हती. त्याच्या डावांत काळा राजा कोपऱ्यांत नव्हता. साधा वजीर केला असता तरी त्याचें काम झालें असतें.