मोरचूद, चुना आणि द्राक्षचोर

मी मुखेडचा, नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आजचा भाग एका रंगाबद्दल आहे. आपल्याकडं नीट राखलेल्या मोसंबीच्या किंवा लिंबाच्या बागेत गेलात, तर झाडांच्या बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत निळसर पांढरा रंग दिसतो. ती बोर्डो पेस्ट. बोर्डो हे फ्रान्समधल्या एका शहराचं नाव. ते आपल्या बांधावर कसं आलं, याची सुरुवात चोरांपासून होते.

१८६० नंतर फ्रान्समधल्या द्राक्षबागा फायलोक्झेरा नावाच्या किडीनं उजाड केल्या. ही कीड अमेरिकेतून आलेली. तिला टक्कर द्यायला अमेरिकेतल्याच चिवट वेलींचे खुंट मागवले गेले. पण १८७८ च्या सुमारास अमेरिकेतूनच दुसरा पाहुणा तिथं पोचला: केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. पानं गळायची, घड वाया जायचे. औषध कुणालाच माहीत नव्हतं.

१८८२ च्या ऑक्टोबरमध्ये बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातल्या बागांमधून चालले होते. सगळीकडं वेली बोडक्या, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार! चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून मालकानं तिथं मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळे डाग बघून लोकांना विष वाटायचं. आपल्याकडं रस्त्याकडेच्या तासातला हरभऱ्याचा ढाळा कुणी ठेवतं का? दुखणं तेच. मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगासमोर मांडलं.

पुढं ते भारतात आलं. मैसूर संस्थानात सुपारीला कोळेरोग लागायचा. पावसाळ्यात कोवळी सुपारी सडून गळायची. शेतकरी पावसाआधी घडांवर टोप्यांसारखी झाकणं बांधायचे. तिथले सरकारी शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास झाकणांऐवजी बोर्डोची फवारणी सुचवली. सुपारीच्या बागांत पावसाळ्याच्या तोंडावर आजही बोर्डो मारतात.

आता गंमत बघा. द्राक्षाचा केवडा, सुपारीचा कोळेरोग आणि मोसंबीच्या बुंध्यातून डिंक गाळणारा डिंक्या, हे तिन्ही एकाच गोतावळ्यातले. यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. म्हणून काळ्या रानात बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्याचं फावतं. बोर्डोतलं तांबं या बीजाणूंना झाडात शिरायच्या आधीच मारतं. एकदा रोग आत गेला की बाहेरच्या तांब्याचा त्याच्यावर जोर चालत नाही. आमच्या भाषेत बोर्डो म्हणजे फायरवॉल. सगळं हॅक झाल्यावर फायरवॉल लावून काय उपयोग, राव?

आणि नेमकं इथंच आपलं गणित चुकतं. पानं पिवळी पडली, डिंक दिसला, की मग आपण दुकान गाठतो आणि महागाची बाटली घेऊन येतो. बोर्डो पेस्टची वेळ मात्र ठरलेली आहे: एकदा मृगाच्या आधी, एकदा पाऊस उघडल्यावर. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवायचे, प्लास्टिकच्या भांड्यात, आणि मग एकत्र करायचे. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. तयार झालेलं त्याच दिवशी वापरा. फवारणीसाठी एवढ्याच मालाला शंभर लिटर पाणी लागतं.

स्वस्त आहे म्हणून मारत सुटायचं असंही नाही. तांबं कुजत नाही, ते मातीत साचत जातं. युरोपातल्या जुन्या द्राक्षबागांची माती याच तांब्यानं भरली. म्हणून युरोपीय संघानं आता हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे. ज्या फ्रान्सनं हे मिश्रण जगाला दिलं, त्यालाही ती पाळावी लागते.

तेव्हा घरी बाग असेल तर आत्ताच मोबाईलमध्ये दोन रिमाइंडर लावा: एक मे अखेरचा, दुसरा दिवाळीच्या आसपासचा. आणि आज घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: यंदा बुंध्यांना पेस्ट लावली का?