पायाचे माप आणि लोखंडाचा सांगाडा

अंगाशी येणाऱ्या वस्तूला माप लागते, हे आपण सहज मान्य करतो. शिंपी छाती आणि खांदे मोजतो, चांभार पाऊल मोजतो, कासार मनगट दाबून बांगडी निवडतो. सायकल ही वस्तूही तशी अंगाचीच. तिचे पायडल म्हणजे पायाचा विस्तार आणि हँडल म्हणजे हाताचा. तरीही सायकल घेताना कंपनी, रंग आणि किंमत यांची चौकशी होते, घेणाऱ्याच्या पायाची लांबी मात्र क्वचितच कोणी मोजतो. ही केवळ ग्राहकाची बेफिकिरी आहे, असे आम्हांस वाटत नाही. या सवयीला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि तो ग्वाल्हेरसारख्या शहरात नीट वाचता येतो.

सायकलीचा आरंभ वस्तुतः मापापासूनच झाला. 1870 च्या दशकातील उंच चाकाच्या सायकलीला पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसावर बसवलेले असे. चाक जितके मोठे तितके एका फेऱ्यात अंतर अधिक. पण पाय पायडलपर्यंत पोहोचला पाहिजे, ही मर्यादा होती. त्यामुळे चाकाचा व्यास स्वाराच्या पायावरून ठरे. लांब टांगेच्या माणसाला मोठे चाक, आखूड टांगेच्या माणसाला लहान. 1885 साली कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल आणली, तेव्हा चाक पायाच्या बंधनातून सुटले. दोन्ही चाके बहुतांशी सर्वांना सारखी झाली आणि मापाची जबाबदारी मधल्या सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर येऊन पडली. सीटखालच्या उभ्या नळीची लांबी हेच फ्रेमचे माप ठरले. ‘बावीस इंची’ किंवा ‘चोवीस इंची’ सायकल म्हणताना आपण तीच नळी मोजत असतो. लहान मुलांच्या सायकलींवरचा आकडा बहुधा चाकाचा असतो. हा भेद ध्यानात न घेतल्याने दुकानात पुष्कळ घोटाळा होतो.

हे यंत्र आपल्याकडे आले ते इंग्रजी मापे घेऊनच. रॅले, बीएसए, हर्क्युलिस ही नावे नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांची. स्वातंत्र्यानंतर सायकली देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, 1951 साली सोनिपतला ॲटलस, 1956 साली लुधियान्याला हिरो असे कारखाने उभे राहिले. यांपैकी पहिल्या दोघांचा इंग्रजी कंपन्यांशी सरळ संबंध होता. नळ्या जोडण्याचे सांधे आणि साचे ठरलेले होते. प्रत्येक नव्या मापाला नवा साचा, म्हणजे नवा खर्च. परिणामी भारतीय रस्त्यांवरची काळी ‘जेंट्स’ सायकल मुख्यतः 22 आणि 24 इंचांची राहिली. कारखाना देशी झाला, माप मात्र परदेशीच राहिले.

आता या मापाचा हिशेब मांडून पाहू. 22 इंची काळ्या सायकलीची आडवी दांडी जमिनीपासून सुमारे 32 ते 33 इंच उंच येते. 24 इंची सायकलीची त्याहूनही दोन इंच वर. भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे 165 सेंटिमीटर, म्हणजे 65 इंच. अशा माणसाच्या जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर साधारण 30 इंच भरते. याचा अर्थ उघड आहे. आपल्याकडचा सरासरी पुरुष आपल्याच सायकलीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून दांडीपलीकडे उभा राहू शकत नव्हता. चौकात थांबताना सायकल एका अंगाला कलती करणे, एकाच पायाचा चवडा टेकणे, उतरताना चालत्या सायकलीवरून मागून टांग काढणे या आपल्या सवयी लकबी म्हणून ओळखल्या जातात. किंबहुना त्या न बसणाऱ्या मापाशी शरीराने केलेल्या तडजोडी होत.

मुलांची तडजोड याहून मोठी होती. घरात सायकल असे ती एकच, कर्त्या पुरुषाची. तिच्यावर शिकायचे तर सीटवर बसणे अशक्य. म्हणून दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालून, अंग वाकडे करून अर्धे पायडल मारायचे. महाराष्ट्रात याला ‘हाफ पायडल’ म्हणतात, आमच्याकडे ग्वाल्हेरात हिंदीच्या सहवासाने ‘कैंची’. या प्रकाराचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्या कौतुकात एवढे विसरले जाते की कैंची हा खेळ नव्हता, तो मापाच्या अभावावर मुलांनी काढलेला तोडगा होता.

उंच फ्रेमच्या बाजूनेही बोलले पाहिजे. 1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचेच लष्कर हे शहर झाले. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर आणि पूर्वेकडचे मुरार ही आणखी दोन गावे. तीन गावांच्या या शहरात कचेरी, शाळा, बाजार यांमधली अंतरे पायी जाण्यास अधिक आणि टांग्याच्या भाड्यास वारंवार परवडण्यासारखी नव्हती. त्यातच 1921 साली जियाजीराव कॉटन मिल सुरू झाली आणि पाळीवर वेळेत पोहोचणे ही नवी गरज निर्माण झाली. अशा ठिकाणी सायकल हे एका माणसाचे वाहन राहत नाही. दांडीवर मूल, कॅरियरवर पत्नी किंवा धान्याची गोणी, हँडलला पिशव्या, दूधवाल्याच्या दोन्ही बाजूंना कॅन. लांब, भक्कम सांगाडा हा भार सोसत असे. दुहेरी दांडीची 24 इंची सायकल म्हणूनच टिकली. माप स्वाराला बसत नसेल, पण संसाराला बसत होते.

तथापि या संसारात स्त्रीची जागा कॅरियरवर होती, हेही त्याच मापाने ठरवले. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर. तिच्यासाठी 22 इंची दांडी ही जवळजवळ भिंतच. त्यात पाचवारी साडीने टांग टाकणे दुरापास्त. दांडी नसलेली ‘लेडीज’ सायकल उपलब्ध होती. पण घरात एकच सायकल घ्यायची असता ती कोणाच्या मापाची घेतली जाई, हे सांगावयास नको. कोणाला कुठवर जाता येईल हे सांगाड्याच्या उंचीवर अवलंबून राहिले.

म्हणूनच मध्य प्रदेश शासनाची विद्यार्थ्यांना मोफत सायकल देण्याची योजना आम्हांस महत्त्वाची वाटते. 2004-05 मध्ये ती सुरू झाली. प्रथम मुलींसाठी, पुढे मुलांसाठीही. ज्या गावात शाळा नाही आणि दुसऱ्या गावी दोन किलोमीटरांहून अधिक जावे लागते, तेथील मुलांसाठी ती आहे. तीत सहावीसाठी 18 इंची आणि नववीसाठी 20 इंची अशी दोन मापे ठरवली गेली. सायकल घरच्या कर्त्या पुरुषाच्या नव्हे, तर मुलीच्या उंचीचा विचार करून दिली जाते, हा बदल लहान नाही. माप अजून इयत्तेवरून ठरते, पायावरून नव्हे. एकाच वर्गातल्या मुलींच्या उंचीत वीतभर फरक असतो, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. पण दिशा बरोबर आहे.

जगातही माप पुन्हा एकदा बदलले. 1997 साली तैवानच्या जायंट कंपनीने शर्यतीच्या सायकलीची दांडी मागे उतरती केली आणि अनेक इंची मापांऐवजी लहान, मध्यम, मोठे अशी तीनच मापे ठेवली. उतरत्या दांडीमुळे आखूड पायाच्या माणसाची सोय झाली, तशीच थोडी मापे साठवावी लागल्याने कारखानदाराचीही. तयार कपड्यांचे जे झाले तेच येथे झाले. मधल्या मापाच्या माणसाने समाधान मानावे, इतरांनी सीट आणि हँडल वरखाली करून निभवावे.

तेव्हा आज नवी सायकल घेणाऱ्याने काय करावे? उपाय साधा आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये जांघेपर्यंत घट्ट वर ओढावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. आडव्या दांडीच्या साध्या सायकलीसाठी त्यातून 10 ते 11 इंच वजा केले की फ्रेमचे माप जवळपास मिळते. 30 इंच भरले तर 19-20 इंची सायकल पाहावी, 22 इंची नव्हे. दुकानात दांडीपलीकडे दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर निदान इंचभर जागा उरावी. सीटची उंची, म्हणजे क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर, त्याच मोजमापाच्या 0.883 पट ठेवावी, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. 76 सेंटिमीटरला ती सुमारे 67 येते. वाढत्या मुलासाठी ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून दोन मापे मोठी सायकल घेऊ नये. मोठा सदरा हास्यास्पद दिसतो, मोठी सायकल पाडते.

मापाचा विचार ग्वाल्हेरला नवा नाही. या संस्थानाने आपल्या मुलखाला आणि खजिन्याला झेपेल अशी दोन फूट रुंदीची रेल्वे घातली आणि ती श्योपूरपर्यंत नेली. 2020 साली बंद होईपर्यंत ती धावत होती. रुळांचे माप मुलूख पाहून ठरले. सायकलीचे माप मात्र माणूस पाहून ठरवण्याचे राहून गेले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. सायकलीच्या बाबतीत हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या आपण फार निमूटपणे पाळला. निदान येथे तरी पाय आधी मोजावा आणि अंथरूण मागाहून निवडावे.