गिलची कांच व आजचा आंकडा

सावद्यापासून जवळच, भुसावळास, मेजर रॉबर्ट गिल याची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचें काम त्यानें १८४४ सालीं पत्करलें. पण त्यांतील बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ सालीं लागलेल्या आगींत जळाल्या. लेण्यांचीं त्यानें काढलेलीं छायाचित्रें मात्र १८६४ सालींच पुस्तकरूपानें निघालीं होतीं.

त्या काळच्या कांचा प्रकाशग्रहणांत अतिशय मंद. उन्हांतहि सेकंद मोजावे लागत. मग लेण्यांतील अंधाराची गोष्टच नको! ही मंदता मोजण्याची शास्त्रीय रीत हर्टर व ड्रिफील्ड यांनीं १८९० मध्यें इंग्लंडांत मांडली. पुढें जर्मनीचें व अमेरिकेचें माप एकत्र येऊन ‘आय.एस.ओ.’ आंकडा ठरला. तो दुप्पट केला, कीं निम्म्या वेळांत तितकेंच उजळ चित्र मिळतें.

डिजिटल कॅमेऱ्यांत मात्र आंकडा वाढविल्यानें आंतील संवेदक अधिक तीक्ष्ण होत नाहीं; जमलेल्या प्रकाशाचा संकेत तेवढा मोठा केला जातो. ध्वनिक्षेपकांतून गवयाच्या तानेबरोबर त्याचा खोकलाहि मोठा ऐकूं यावा, तसाच हा प्रकार. अजिंठ्यास फ्लॅशला मनाई असल्यामुळें प्रवासी आंकडा ३२०० वर नेतात, आणि पद्मपाणीच्या मुखावर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके उमटतात. गिलच्या कांचेवर असे कण जवळजवळ नसत. ती मंद होती, परंतु प्रकाश पिण्यास तिला हवा तेवढा वेळ दिला जाई.