वाशीमची मंडळी आणि तिचे तरुण कारभारी

वाशीमच्या बालाजीच्या दर्शनास येणाऱ्यांना ते देऊळ बांधणाऱ्या भवानी काळूंचे नाव ठाऊक असते आणि इतिहासाच्या वाचकांना हे गाव वाकाटकांचे वत्सगुल्म म्हणून परिचित असते. परंतु इंग्रजी दप्तरात ज्यास बासीम म्हटले जाई आणि ज्याचा जिल्हा १९०५ साली मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला, त्याच गावात एक लहानशी मराठी ख्रिस्ती मंडळी शतकाहून अधिक काळ नांदत आली आहे, याची जाणीव थोड्यांनाच असते. त्या मंडळीच्या तरुण संघाचे पुढारीपण ज्यांच्या खांद्यावर नव्याने येते, त्यांच्यासाठी तिचा इतिहास मी पुन्हा चाळला. कारण पुढारीपण शिकविणारी पुस्तके बहुधा परमुलखातून येतात, आणि आपल्याच गावाने काय शिकविले आहे हे कोणी विचारीत नाही.

आरंभी येथील काम मेथडिस्ट मिशनकडे होते. तरुणांच्या संघटना तेव्हा ठिकठिकाणी निघू लागल्या होत्या: लंडनात १८४४ साली वाय.एम.सी.ए. निघाली, १८८१ साली अमेरिकेच्या मेन प्रांतात क्रिश्चन एन्डेव्हर निघाले, आणि १८८९ साली क्लीव्हलंड येथे मेथडिस्टांनी एपवर्थ लीग काढली. तरुणांनीच तरुणांस एकत्र आणावे ही कल्पना त्या काळी अशी मिशनोमिशनी पसरत होती. पुढे १९३० नंतरच्या दशकात वाशीमचा जिम्मा चर्च ऑफ द नाझरीनने घेतला, ज्याचे काम शेजारच्या बुलढाण्याकडे आधीपासून चालू होते. कागदोपत्री हा एका मिशनने दुसऱ्यास दिलेला ताबा होय. परंतु गावात घरदार असलेली कुटुंबे मिशनच्या सामानाबरोबर गाडीत बसून जात नसतात. पाटी बदलली, पाळक बदलले, आणि मंडळी मात्र आपल्या दुःखांसह व गीतांसह जागच्या जागी राहिली. नव्या पुढाऱ्यास मी हीच गोष्ट प्रथम सांगेन, की आपण आलो त्या दिवशी या घराचा पाया पडलेला नाही. येथे आधी कोणी रडलेले आहे, कोणी प्रार्थना केलेली आहे, आणि ते सारे ऐकून घेण्यापूर्वी नवा कार्यक्रम जाहीर करण्याची सनद आपणांस मिळालेली नाही.

ऐकून घेण्याचा हा अभ्यास वाशीमला सर्वांत सुंदर रीतीने चालला तो रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलमध्ये. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या, आणि १९३८ साली मुलींच्या जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी हे रुग्णालय उघडले. परिचारिका जीन डार्लिंग यांनी ज्या नर्सिंग शाळेला आकार दिला, तिच्यात शिकलेल्या मुलींना नेतृत्वावर व्याख्यान कोणी दिले नसेल. रात्रपाळीत रुग्णाची नाडी हातात धरून, तो वऱ्हाडी बोलीत काय सांगतो आहे हे नीट समजून घेऊन, सकाळी वरिष्ठ परिचारिकेपुढे खरा अहवाल ठेवणे, एवढीच शिकवण त्यांच्या वाट्यास आली, आणि माझ्या मते ती पुरेशी होती. जी मुलगी झोपलेल्या वॉर्डात एकटी जागली, तिला पुढे दहा पोरींना सांभाळणे अवघड जात नाही.

भाषेविषयी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण पुष्कळ तरुण पुढारी येथेच अडखळतात. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका सहप्रवासी युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी तुकारामांची वाट सोडली नाही, अभंग लिहिले, कीर्तने केली, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा मांडला. मराठी मनुष्य मराठी राहून ख्रिस्ताचा होऊ शकतो, हे त्यांनी स्वतःच्या जीवनाने दाखविले. ज्या तरुण संघात आज परकी चाल आणि परके शब्द ध्वनिवर्धकावरून गर्जतात, तेथील पुढाऱ्याने हा दाखला पुनःपुन्हा मनात आणावा, असे मला कळकळीने वाटते.

या भागातील एका खेड्यात, नाताळाच्या आदल्या रात्री, मी तरुण संघाच्या भजनास बसलो होतो. पुढारी विशीतला होता, पेटी त्याच्यापुढे होती आणि पुढील गीताचा क्रमांक त्याने नुकताच पुकारला होता. इतक्यात मागे बसलेल्या एका म्हातारीने, पदर सावरीत, डोळे मिटून, भलतेच जुने गीत सुरू केले. पोरे चुळबुळली. त्या मुलाने मात्र पेटीवरचा हात उचलला, तिचा सूर कोठे आहे ते क्षणभर कान देऊन पाहिले, आणि तिच्या पट्टीत पेटी मिळवून घेतली. पानांच्या कडा काळवंडलेले आपले गीतपुस्तक त्याने शेजारच्या लहान पोराकडे सरकविले, आणि म्हातारी पुढे, तो मागे, असे ते गीत शेवटच्या कडव्यापर्यंत गेले.