खुराड्याचं दार

आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला जे पत्र्याचं दार आहे, ते मुळात जुन्या सुमो गाडीच्या खिडकीची झडप आहे. पाहुणेरावळे विचारतात, खुराड्याच्या दाराला प्लास्टिकची काच कशाला? ते सांगायचं तर बरंच मागं जावं लागतं.

माझ्या लहानपणी जुन्नर तालुक्यातला माल बाजारात जायचा तो बैलगाडीतून. बैलगाडीच्या बाजू असून नसल्यासारख्या, करंडी उचलली की कुठूनही आत. पुढं गावात जीप आली. ही गाडी मूळची दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकेच्या सैन्याची. विलीज कंपनीच्या या जीपा महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतल्या. शिपायाला चटकन उडी मारता यावी म्हणून बाजू उघड्या. आमच्या दूधवाल्याला तेच सोयीचं पडलं. बाजूचं कापड गुंडाळून वर बांधायचं आणि कॅन आत सरकवायचे. लढाईची सोय दुधाच्या कामी आली, हे मला अजून गमतीचं वाटतं.

मग १९९४ ला सुमो आली. आमच्याच जिल्ह्यातली, पुण्याच्या टेल्कोची. नाव ऐकून आम्हाला वाटलं, जपानी पैलवानावरून ठेवलं असेल. पण ते कंपनीच्या सुमंत मूळगावकरांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरं घेऊन केलेलं. गाडी दणकट, पण चारी बाजूंनी बंद, माणसं बसवायला केलेली. आम्ही २००५ साली जुनी घेतली, ९७ ची. मागची समोरासमोरची बाकडी काढली आणि टोमॅटोचे क्रेट भरायला लागलो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत माल भरू नये हे ठाऊक होतं, पण दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती.

अडचण मागच्या दाराची होती. ते आडवं उघडायचं आणि त्यावर स्टेपनीचं ओझं. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात गाडीला गाडी चिकटलेली. मागं कुणी लागला की दार उघडायची सोय नाही. माल खाली लागत नाही तोवर व्यापारी बघत नाही आणि सकाळचा भाव दुपारी राहत नाही. शेतावर तर निराळीच तऱ्हा. सीटमागचे क्रेट ओढायला आमची मंडळी वाकून आत शिरायची. वीस किलोचा एक क्रेट, असे पंधरा-वीस. दोन हंगामांत तिची कंबर धरली. रात्री ती विटकरीचा शेक घ्यायची आणि बोलायची काही नाही.

बाजूच्या खिडकीची काच सरकती होती, पण उघडायची अर्धीच. तिच्या खाचेत माती बसून तीही अडकलेली. मी हायवेवरच्या मिस्त्रीकडं गेलो आणि म्हटलं, "मागची सगळी बाजू कापून दार कर." त्यानं खिडकीशेजारच्या खांबावर पान्यानं टकटक केली.

"तात्या, काच काढतो. खांबाला हात लावायचा नाय. गाडी उलटली तर छत कशावर ऱ्हाईल?"

मला राग आला. दुसरा एक जण निम्म्या पैशात कापून द्यायला तयार होता. पण घरी येताना आठवलं, याच गाडीत सकाळी पाच बाया तोडणीला बसून येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मिस्त्रीकडं गेलो.

त्यानं डाव्या बाजूचं रबर साबणाचं पाणी लावून उपसलं आणि काच जोडीसकट काढली. ती गोणपाटात बांधून माझ्या हातात दिली. "मोडीत घालू नका," एवढंच म्हणाला. खिडकीच्या मापाची चौकोनी पाइपाची चौकट, तिच्यावर पत्रा, वरती बिजागऱ्या, खाली दोन खिट्ट्या. वर उचलली की बांबूच्या टेकूवर राहायची, पावसात माणसावर छप्पर व्हायची. क्रेट लांबीनं घातला तर बरोबर जायचा. खिडकी छातीइतकी उंच, म्हणून चढवताना जोर लागायचा. उतरवताना मात्र बाहेरच्याच्या हातात अलगद यायचा. मंडळीचं आत वाकून शिरणं थांबलं.

पण एक गोष्ट मिस्त्रीच्याही ध्यानात आली नाही, माझ्याही नाही. त्या पत्र्यामुळं मला मागचं डावीकडचं दिसेना. एका संध्याकाळी अंगणात गाडी मागं घेत होतो. मंडळी ओट्यावरून अशी किंचाळली की पाय आपोआप ब्रेकवर गेला. उतरून बघतो तर पुतण्याची पोर, चार वर्षांची, चाकापासून हातभर. हातात करडू धरून उभी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी पत्र्याचा मधला भाग कापून घेतला आणि प्लास्टिकची काच बसवली. खुराड्याच्या दारातली काच ती हीच. झडपेला जुनं रबरही चिकटवलं. कारण फटीतून डिझेलचा धूर आत ओढला जायचा आणि मागं बसणाऱ्या बायांची डोकी दुखायची.

२०१२ ला गाडीला पंधरा वर्षं भरली. नोंदणी पुढं चालवायची तर तपासणी आली. माळ्यावरून गोणपाट उतरवलं, मिस्त्रीनं काच पुन्हा बसवली. झडप घरी आली. गाडी कंपनीच्या कागदासारखी नसेल तर चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ च्या जानेवारीत तसाच निकाल दिला, तो मी पेपरात वाचला. त्याच साली सुमो बनवणंही थांबलं.

काच बसवल्यावर त्या गाडीत पुन्हा माल भरला नाही. दिवाळीत जुना छोटा हत्ती घेतला. त्याच्या तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडतात, वडलांच्या बैलगाडीसारखा माल कुठूनही चढतो. पहिल्या दिवशी मंडळीनं उभ्यानंच क्रेट सरकवला, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "हे आधी सुचलं नाही व्हय तुम्हाला?"